चंद्रावतीच्या आजीचा पेलाव

माझ्या जावेच्या आजीला मी प्रत्यक्षात कधीच भेटले नाही. तिच्या नावाने फक्त एक अख्खी इमारत रिकामी केली.

इमारत आमचीच, टोकियोला लागून असलेल्या ग्योतोकुची. चौथा मजला, दोन खोल्या, आणि बाल्कनी एवढी की कपडे वाळत घातले की माणसाने आत यायचं. नवरा कावासाकीला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि मी घरी राहून पुण्याच्या ऑफिसचे हिशेब तपासते. (स्वयंपाक मी आवडीने करते. मराठी मंडळात माझ्या हातच्या कोल्हापुरी रश्श्याची ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवलेली आहे, पण ख्याती ती ख्याती!)

आता जावेबद्दल. माझा धाकटा दीर निनाद इथेच टोकियोत विद्यापीठात संशोधन करतो. कशावर, ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने पुण्याला फोन करून सासूबाईंना सांगितलं, की मी लग्न करतोय, मुलगी त्रिनिदादची आहे, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते.

सासूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, “त्रिनिदाद म्हणजे वेस्ट इंडीज ना? ते क्रिकेटवाले?”

“हो आई.”

“फार उंच आहे का रे?”

“माझ्या खांद्याला लागते.”

“बरं. नाव काय?”

“चंद्रावती.”

“निनाद, मी इथे रक्तदाबाची गोळी हातात घेऊन बसलेय आणि तू थट्टा करतोयस?”

कारण चंद्रावती हे सासूबाईंच्या आत्याचं नाव. त्या आत्यानंतर पुण्यात कुणी हे नाव ठेवलं असेल असं मला वाटत नाही! पण थट्टा नव्हती. चंद्रावतीच्या पणजोबांचे वडील बिहारमधून बोटीत बसून त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यात कामाला गेले, ते परत आलेच नाहीत. पुढच्या पिढ्यांत भाषा गेली, नावं तेवढी राहिली, आणि काही शब्द राहिले. त्यातला एक शब्द ‘आजी’. वडिलांच्या आईला तिकडेही आजीच म्हणतात. हे कळल्यावर सासूबाईंचा विरोध जो मावळला, तो परत उगवला नाही.

मैत्रिणी तिला ‘चॅन’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. शाळेतले जपानी सहकारी तिला ‘चान-सान’ म्हणतात. जपानीत ‘चान’ हे लहान मुलींच्या नावापुढे लाडाने लावतात आणि ‘सान’ मोठ्यांच्या नावापुढे आदराने. म्हणजे तिला दिवसभर सगळे अतिशय गंभीरपणे ‘बाळीताई’ अशी हाक मारतात!

लग्न इथेच झालं, साधंसं. तेव्हा व्हिडिओ कॉलवर चॅनची आजी होती. नव्वदीच्या पुढची, डोक्यावर पांढरी ओढणी, तोंडात दोन दात. इकडून सासूबाई. दोघींची भाषा वेगळी. सासूबाईंनी नमस्कार केला. तिकडून नमस्कार आला. मग दोघी नुसत्या बघत बसल्या. शेवटी त्रिनिदादच्या आजीने पोटावर हात फिरवून भुवया उंचावल्या, म्हणजे, जेवलात का? सासूबाईंनी मान हलवली आणि तोच प्रश्न उलट केला. झाली दोघींची ओळख!

ती आजी गेल्या वर्षी गेली.

चॅनला तेव्हा सातवा महिना होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलं. अंत्यसंस्कार तिने टोकियोच्या कोतो भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून फोनवर पाहिले. पुढचे दोन आठवडे ती शाळेत जात होती, हसत होती, “आय अॅम फाइन, वहिनी” म्हणत होती, आणि रडत मात्र नव्हती. निनाद मला फोन करून सांगायचा, “वहिनी, ती धड जेवत नाही गं. आणि एक थेंबसुद्धा डोळ्यातून नाही. मला भीती वाटते.”

सासूबाई बाळंतपणासाठी म्हणून आधीच येऊन आमच्याकडे राहिल्या होत्या. एका शनिवारी चॅन घरी आली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवलं आणि माझ्यामार्फत विचारलं, “काय खावंसं वाटतं सांग. काहीही सांग.”

चॅन बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, “आजीचा पेलाव.” (आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, इथे मी ते मराठीत सांगतेय.)

“मग कर की! आपण सगळे खाऊ,” मी म्हणाले.

“मला येत नाही. दर रविवारी ती करायची आणि मी स्वयंपाकघरात शिरले की हाकलायची. म्हणायची, जा, अभ्यास कर, चुलीपाशी तुझं काही काम नाही.” ती हसली. “अभ्यास केला. आता पेलाव कुठून आणू?”

अशा वेळी शहाण्या माणसाने हातावर हात ठेवावा आणि गप्प बसावं. मी म्हणाले, “मी करते! उद्या या दोघं जेवायला!”

आता पेलाव म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. चॅनला आठवत होतं ते असं: कोंबडी असते, भात असतो, तांबूस काळपट रंग असतो. “कसला काळपट?” “आमच्या शाळेच्या बुटांसारखा.” मी लिहून घेतलं. “आणि कोंबडी भांड्यात पडली की आवाज येतो, श्शाऽऽऽ! तो अंगणातून ऐकू यायचा.” तेही लिहून घेतलं. यापुढे तिला काही आठवेना.

ती गेल्यावर मी तिच्या आईला त्रिनिदादला मेसेज केला. उत्तर आलं, ते आवाजात रेकॉर्ड करून, गाण्यासारख्या हेलात. सार असं, की तेलात साखर जाळायची. अगदी काळपट होईस्तोवर. मग त्यात मुरवलेली कोंबडी टाकायची. मग ‘पिजन पीज’, तांदूळ, नारळाचं दूध. प्रमाण? “प्रमाण काय डार्लिंग, अंदाजाने!” सकाळी व्हिडिओवर समोर बसून शिकवते, असं वचन मात्र दिलं.

‘पिजन पीज’ म्हणजे कबुतरांचे वाटाणे की काय, म्हणून सासूबाई अस्वस्थ होत्या. त्या पूर्ण शाकाहारी. अंड्याशेजारी ठेवलेलं लोणी त्या दोनदा निरखून घेतात. मी फोनवर चित्र दाखवलं.

“अगं, हे तर तुरीचे दाणे!”

“हो आई.”

“आणि पेलाव म्हणजे पुलाव!”

“हो आई.”

“म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात आणि त्यात कोंबडी. एवढं बोटीत बसून गेले आणि भात तोच!” त्यांना गहिवरून आलं. त्या लगेच पिशवी घेऊन तयार झाल्या.

स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात फ्रीजमधले तुरीचे दाणे मिळाले. हाडासकट कोंबडी पलीकडच्या हलाल दुकानात मिळाली, दोन किलो. (मी पैसे देताना सासूबाई रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहून सायकली बघत होत्या.) राहिली ‘बंधनिया’ नावाची पालेभाजी. ती व्हिएतनामी दुकानात असते असं चॅनच्या आईने सांगितलं होतं. लांब, करवतीसारख्या कडांची पानं. सासूबाईंनी एक चुरडून वास घेतला आणि म्हणाल्या, “कोथिंबीरच आहे. पण भांडून आलेली दिसते.”

शेवटी साखर. चॅनच्या आईने तपकिरी साखर सांगितली होती. पण दुकानात तपकिरीच्या शेजारी ओकिनावाची काळी साखर ठेवली होती, गुळाच्या खड्यांसारखी. मी विचार केला, काळपटच करायची आहे ना? मग आधीच काळी असली तर निम्मं काम झालं! माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात अशा एखाद्या सुज्ञ विचाराने झालेली आहे.

रविवारी सकाळी नऊला आम्ही तयार होतो. नवरा कंपनीच्या कामाने ओसाकाला गेला होता. सासूबाईंनी बंधनिया, पातीचा कांदा आणि लसूण वाटून दिलं. कोंबडीकडे न बघता, नेम धरून, त्यांनी ते वाटण तिच्यावर ओतलं. नऊ वर्षांची माझी मुलगी इरा टेबलाशी गृहपाठ करत होती. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. त्यात चॅनची आई दिसत होती. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती आणि मागे बेडूक ओरडत होते.

“तेल टाक. साखर टाक. आता आच मोठी!”

मी आच मोठी केली. पण इथल्या गॅसच्या शेगड्यांना माणसापेक्षा जास्त अक्कल असते. भांड्याचं बूड फार तापलं, की शेगडी आपणहून आच कमी करते. मी मोठी करायची, ती कमी करायची. मी मोठी, ती कमी. सूनबाई आणि सासूबाई असल्यासारखं चाललं होतं. (हे मी तेव्हा मनात म्हणाले.)

“जळत नाहीये!” मी फोनला सांगितलं.

“बर्न इट, डार्लिंग! बर्न इट!”

मग मला सुचलं. थंडीत इथे टेबलावर भांडं ठेवून सगळे मिळून शिजवत जेवतात. त्यासाठी एक सुटी छोटी शेगडी मिळते. ती आमच्याकडे होती, आणि तिला अजिबात अक्कल नव्हती! मी ती जेवणाच्या टेबलावर मांडली, इराची वही सरकवली, भांडं चढवलं. वर पंखा नाही, धूर ओढणारं यंत्र नाही. वर होतं फक्त छत, आणि छताला एक पांढरी गोल डबी. त्या डबीकडे सहा वर्षांत मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

साखर वितळली. फसफसली. काळी होती, काळीच राहिली.

“रंग बदलला का?”

“आधीपासून काळीच आहे!”

“काय?” चॅनच्या आईने फोनच्या अगदी जवळ येऊन पाहिलं. मग तिने आपला हात वर केला, पंजा पूर्ण उघडा, आणि म्हणाली, “वेट...”

आणि चित्र तसंच थांबलं. इंटरनेट गेलं होतं, पण हे मला नंतर कळलं. मला दिसत होता एक ठाम, वडीलधारा पंजा. थांब म्हणतोय ना, मग थांबायचं. मी थांबले. साखर रटरटली, धुरकटली. पंजा तसाच.

“मेधा, धूर येतोय,” सासूबाई म्हणाल्या.

“त्या थांब म्हणतायत, आई.”

“अगं, त्या मघापासून पापणीसुद्धा हलवत नाहीयेत!”

मी फोनकडे नीट पाहिलं. मागचे बेडूकही गप्प होते! आणि त्याच क्षणी घाबरून मी तो निर्णय घेतला. थांबायचं नाही तर काय करायचं? कोंबडी टाकायची! निम्मी कोंबडी, वाटणाच्या पाण्यासकट, मी त्या जळत्या साखरेत लोटली.

श्शाऽऽऽ!

आवाज अगदी बरोबर आला. पाठोपाठ काळ्या धुराचा लोट सरळ वर गेला. वरची पांढरी डबी किंचाळली आणि मग एका बाईच्या अत्यंत सभ्य आवाजात बोलू लागली, “काजी देस! काजी देस!”

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. “कोण काजी? आणि काय देस म्हणतोय तो? काय द्यायचंय त्याला?”

“आजी,” वही मिटत इरा शांतपणे म्हणाली, “काजी म्हणजे आग.”

इथल्या शाळांत मुलांना आगीचा, भूकंपाचा सराव इतक्या वेळा देतात, की मोठ्यांची बोबडी वळते तेव्हा मुलांच्या अंगात जनरल संचारतो. इराने रुमाल ओला करून नाकाला लावला. दुसरा माझ्या नाकाला लावला. माझं मनगट धरलं आणि खाली वाकून, धुराच्या खालून, मला सरळ दाराबाहेर ओढून नेलं. माझ्या हातात उलथनं तसंच होतं. व्हरांड्यातून जाताना तिने दर दाराची घंटा वाजवली. दर दाराशी तोच निरोप, “काजी देस! काजी देस!” डबीपेक्षा हिचा आवाज मोठा!

पाच मिनिटांत अख्खी इमारत खाली सायकली लावतात त्या जागेत उभी होती. रविवारची सकाळ. लोक झोपेच्या कपड्यांत, पाठीला आणीबाणीच्या पिशव्या. एका आजोबांनी हेल्मेट घातलं होतं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. एक बाई कुत्र्यालाही रांगेत उभं करत होती. मी अनवाणी, हातात उलथनं, उलथन्यावरून काळी साखर ठिबकतेय.

तेवढ्यात मला आठवलं. “आई कुठायत?”

मी पळणार तोच इराने माझ्या कुर्त्याला लोंबकळून मला धरलं. “मोदोरानाइ! परत जायचं नाही! नियम आहे!”

“अगं, आजी वर आहे!”

“मेधाऽऽ!” वरून हाक आली. सगळ्या इमारतीने माना वर केल्या. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत सासूबाई उभ्या होत्या. तोंडाला पदर, दोन्ही हातांत ओल्या टॉवेलने धरलेलं झाकण घातलेलं भांडं. आयुष्यात ज्यांनी कोंबडीकडे बघितलं नाही, त्या बाईने जळकी कोंबडी छातीशी धरली होती! “गॅस बंद केला गं! खिडक्या उघडल्यात! आग बिग काही नाही, नुसता धूर! आता हे कुठे ठेवू?”

इतक्यात आमचे कान्रिनिन-सान, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे वयस्क गृहस्थ, आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आले. मी कमरेत वाकले. काय झालं ते आपणच, आपल्या तोंडाने, जपानीत सांगायचं असं मी ठरवलं. साखरेला जपानीत ‘सातो’ म्हणतात. जाळण्याला काय म्हणतात तेही मला येत होतं. दोन्ही शब्द ऐन वेळी आठवल्याचा मला अभिमानच वाटला.

“सुमिमासेन,” मी म्हणाले. माफ करा. “मी सातो जाळली.”

कान्रिनिन-सानांचा चेहरा पांढराफटक पडला. लोक एकमेकांकडे बघू लागले, मग माझ्या उलथन्याकडे बघू लागले.

कारण सातो हे जपानमधलं आडनावही आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक सातो-सान आहेत. सत्तरीच्या, अगदी गरीब स्वभावाच्या. गर्दीच्या मागून एक बारीक हात वर आला. “मी... मी इथे आहे,” सातो-सान म्हणाल्या. आपण जिवंत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, तशा!

इराने कपाळावर हात मारला आणि खुलासा केला. आधी हेल्मेटवाले आजोबा हसले. मग तोंडावर हात धरून सगळेच.

नेमक्या त्या वेळी स्टेशनच्या बाजूने निनाद आणि चॅन चालत आले. “वहिनी,” निनाद गर्दीकडे बघून म्हणाला, “एवढ्या लोकांना जेवायला बोलावलंस?”

मी काही बोलणार, तोच लक्षात आलं, चॅन पुढे आलेलीच नाही. ती जागच्या जागी थांबली होती. वारा आमच्या बाल्कनीकडून खाली येत होता, आणि त्यात तो वास होता. जळकी साखर, लसूण, भांडून आलेली कोथिंबीर. तिने डोळे मिटले. सायकलींच्या कठड्यावर सावकाश बसली, पोटाखाली हात धरून.

“आजी,” ती म्हणाली. मग परत, जरा मोठ्याने, “आजी!”

वरून सासूबाईंनी हाक ऐकली. आमच्या घरात आजी एकच.

“आले गं बाळा! आले, आले!”

आणि त्या खरोखर आल्या. लिफ्ट बंद झाली होती, तर गुडघेदुखीच्या सासूबाई चार मजले जिन्याने उतरून आल्या, ते भांडं घेऊनच. भांडं खाली ठेवलं, चॅनशेजारी कठड्यावर बसल्या आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. चॅन रडली. दोन आठवड्यांचं सगळं रडली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीत काय काय सांगत होत्या, “हो गं, हो गं राणी, गेली आजी, गेली.” चॅनला त्यातला ‘आजी’ एवढाच शब्द कळत होता, आणि तेवढा पुरत होता. शेजारची सगळी मंडळी माना वळवून अतिशय सभ्यपणे आपापल्या सायकली तपासत होती. मीही उलथन्याकडे बघत होते. ते धुरामुळे धूसर दिसत होतं.

मग चॅनने नाक पुसलं, भांड्याचं झाकण उचललं, आत डोकावली आणि रडता रडता फस्सकन हसली.

“ती पण जाळायची, वहिनी! दर दुसऱ्या रविवारी! साखर काळीकुट्ट व्हायची, मग ती भांड्याला शिव्या द्यायची, सगळं मागच्या दारी फेकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आमच्या अंगणात एका जागी गवतच उगवायचं नाही!”

“हे तुझ्या आईने मला का नाही सांगितलं?”

“ती आजीची सून आहे. कसं सांगेल?”

कोंबडी अजून एक किलो शिल्लक होती. आम्ही सगळे वर गेलो. कान्रिनिन-सान शेगडी तपासायला बरोबर आले. माझी कहाणी इराकडून ऐकून घेतली आणि शेगडीवरच्या एका बटणावर तीन सेकंद बोट दाबून धरलं. मग आच मोठी राहते. सहा वर्षं ते बटण तिथेच होतं! मला वाटायचं ते घड्याळाचं आहे.

दारावर टकटक झाली. सातो-सान उभ्या होत्या, हातात फिकट तपकिरी साखरेचं पाकीट. “ही वापरा,” त्या म्हणाल्या, “हिचा रंग बदललेला दिसतो.” त्यांना आत बोलावलं.

या वेळी चॅन शेगडीपाशी उभी राहिली. “मला येत नाही,” असं म्हणतच उभी राहिली. तेलात साखर पडली, सोनेरी झाली, तांबूस झाली, फेसाळली. मी म्हणाले, “टाकू?” आणि चॅन माझ्यावर खेकसली! तिचा आवाजच बदलला होता, हेल लांबला होता, कंबरेवर हात होता. “अजून नाही! चुलीपाशी तुझं काही काम नाही, जा तिकडे!” ती स्वतःच दचकली. मग पुढच्याच क्षणी म्हणाली, “आता!” श्शाऽऽऽ झालं, आणि छतावरची बाई गप्प राहिली.

दुसऱ्या लहान भांड्यात तिने न सांगता आणखी थोडी साखर जाळली. त्यात नुसते तुरीचे दाणे, तांदूळ, नारळाचं दूध. “हा आईंचा.”

भात शिजत असताना फोन वाजला. चॅनची आई. “काय झालं तिकडे?” ती जीव तोडून ओरडली. “मी हात दाखवून किती वेळ ‘स्टॉप! स्टॉप! दॅट्स इनफ!’ म्हणत होते!”

मी बाल्कनीत जाऊन थोडा वेळ कपडे वाळत घातले. ते ओलेही नव्हते.

पेलाव शाळेच्या बुटांच्या रंगाचा झाला. चॅनने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. “मीठ कमी आहे,” ती म्हणाली. “आजी जास्त घालायची.” आणि ताट पुढे केलं, आणखी वाढ म्हणून. निनादने ताटावरून मान वर केली नाही, पण त्याचे खांदे पहिल्यांदाच सैल दिसत होते. सातो-सानांनी दोनदा घेतलं. सासूबाईंनी आपल्या भांड्यातला भात खाऊन निर्णय दिला, “बरा आहे. गोडा मसाला आणि वर ओलं खोबरं असतं तर...”

“आई!”

“बरं, बरं. वाढ अजून.”

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई मिठाईचे डबे घेऊन दारोदार माफी मागायला गेलो. प्रत्येक दारात मी कमरेत वाकले. प्रत्येक दारात, काहीही न विचारता, मला सांगण्यात आलं की वास छान होता. जपानी माणसं किती खोटं बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला. पुढे दोन महिन्यांनी चॅनला मुलगी झाली. आता ती सगळ्यांच्या ताटात हात घालते.

गेल्या महिन्यात इमारतीचा वार्षिक आगीचा सराव होता. कान्रिनिन-सान स्वतः वर आले, दोन्ही हातांनी एक छापील कागद दिला आणि इतके खाली वाकले, की मला वाटलं काही मोठा मान मिळालाय. कागदावर सगळ्यांची नावं आणि पुढे कामं होती. कुणी अग्निशमन दलाला फोन करायचा, कुणी घंटा वाजवायची, सातो-सानांनी जखमी व्हायचं. माझ्या नावापुढचं अक्षर मला वाचता येईना. मी कागद इराला दिला.

तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

“मम्मा,” ती म्हणाली, “तू आग आहेस. आणि खाली लिहिलंय, तुला तालमीला यायची गरज नाही.”